पांढऱ्याशेजारचे घर

प्रेमिलाने निळा तुकडा खालच्या ओळीत ठेवला, मागे सरून पाहिले आणि पुन्हा उचलला. इंदोऱ्यातल्या त्या लहानशा अंगणात, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, चटईवर बाळाचे दुपटे मांडले जात होते. पाच ओळी, ओळीत पाच घरे, एकाआड एक पांढरे. रंग शेजारी शेजारी आले की भांडतात, मधे पांढरा असला की निमूट नांदतात, असे तिच्या सासूबाईंचे, तुळसाबाईंचे, म्हणणे.

पांढरे तेरा तुकडे त्यांच्याच लुगड्याचे होते. छपन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेताना नेसलेले ते लुगडे त्यांनी सतरा वर्षे पेटीत जपले होते. प्रेमिलाला सातवा लागला, तशी काल स्वतःच्या हाताने त्याला कात्री लावली.

"दुपटं शिवून राहिल्या का सोयरीक जुळवून राहिल्या वं?" ओट्यावरून सासऱ्यांनी, देवाजींनी, विचारले.

"तुमच्यापेक्षा कापडाले अक्कल हाये," तुळसाबाई म्हणाल्या. "ठेवलं तिथं राह्यते."

प्रेमिला हसली, पण मांडीवरचा एक तुकडा तिने पदराखाली सरकवला. तो तिच्या आईच्या लाल लुगड्याचा होता. पहिल्या बाळाचे दुपटे माहेरून यायचे. पण आई गेल्यापासून माहेरी, खाप्याला, ते शिवणारे कोणी उरले नव्हते. आईचा एवढा तुकडा तरी बाळाच्या अंगावर असावा, म्हणून ती सकाळपासून त्याच्यासाठी जागा शोधत होती. वर, खाली, कडेला, कुठेही ठेवला तरी शेजारी पांढरा येतच होता. आणि ते लाल कितीही धुतले तरी रंग सोडीत असे.

तुळसाबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. त्यांची नजर ओळीओळीने फिरली आणि अगदी मधल्या पांढऱ्या तुकड्याच्या शेजारी, जिथे नुसती चटई दिसत होती, तिथे थांबली.

"हे घर रिकामं काहून?"

 प्रेमिलाने पदराखालचा तुकडा काढला.

"माह्या मायचं हाये, आई. पण रंग सोडते. तुमच्या पांढऱ्याले डाग पडन."

तुळसाबाईंनी तुकडा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, अंगठ्याने त्याची सुरकुती मोडली. जवळच्या तांब्यात बोट बुडवून त्यांनी ते लालावर घासले आणि मधल्या पांढऱ्यावर टेकवले.

प्रेमिलाचा हात अडवायला पुढे आला आणि वाटेतच थांबला. पांढऱ्यावर बोटाएवढा गुलाबी ठसा उमटला होता.

"पडाचा तो डाग पडला," लाल तुकडा रिकाम्या घरात बसवत तुळसाबाई म्हणाल्या. "आता शिव."

आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या.

सुई ओवायला प्रेमिलाला तीनदा दोऱ्याचे टोक ओठांत धरावे लागले.