हाताचा रिपोर्ट आणि चंद्री

सूर्यभानला डॉक्टरांकडून एकच गोष्ट हवी होती: तारीख. हातात पुन्हा जोर कधी येणार, ती. कारण रविवारी सहादेव व्यापारी चंद्रीला विकत न्यायला येणार होता. ही गाय सूर्यभानच्या एकट्याच्या हाताला दूध द्यायची. बायको रश्मी धार काढायला बसली की पान्हा चोरायची, वर लाथ झाडायची. गाय आटत चालली होती.

पाच आठवड्यांपूर्वी साधे जुलाब झाले, मागोमाग पायातलं बळ गेलं, मग हातातलं. अंगातली रोगाशी लढणारी फौजच आपल्या नसांवर उलटली, असं डॉक्टर म्हणाले. काय म्हणायचं याला?

संगमनेरला नसांच्या तपासणीला दोघं गेली, तर तिथंही नाट. रश्मीनं सकाळीच त्याच्या हातापायाला तेल चोळलेलं. तपासणीच्या तारांच्या चिकटपट्ट्या टिकेनात. तपासणाऱ्या मुलीनं अर्धा तास स्पिरिटनं पुसलं.

"तेल लावू नका, असं कागदावर होतं," ती म्हणाली.

"अवो बाई, आजारी मानसाला तेलाबिगर भाईर कसं काढायचं?" रश्मी म्हणाली.

मग करंटचे चटके. सूर्यभान दातओठ खात पडून राहिला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला.

"नस म्हणजे वायर धरा. नुसतं वरचं कव्हर गेलं असतं, तर दोन-तीन महिन्यांत भरून आलं असतं. तुमची आतली तारही दुखावलीय. हातात जोर बहुतेक येईल. पण सहा महिने लागतील, कदाचित वर्ष."

"बहुतेक अन् कदाचित. यासाठी येवढे चटके खाल्ले व्हय?"

"तपासणीवरून अंदाज येतो. तारीख येत नाही."

परतताना रिक्षात तो रश्मीवरच घसरला. तेलामुळंच रिपोर्ट बिघडला म्हणाला. तसं काही नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यानं गोठ्यात न्यायला सांगितलं. निदान निरोप तरी घेऊ. रश्मीनं त्याला चंद्रीजवळ पाटावर बसवून पाठ खांबाला टेकवली. बोटं वळत नव्हती. त्यानं नुसता तळवा कासेवर ठेवला. चंद्रीनं मान वळवून त्याची बाही चाटली, आणि सड भरून आले. त्या येडीला रिपोर्ट कुठं कळत होता. त्याला तिचा राग आला आणि रडूही आलं.

"बघत काय उभी ऱ्हायलीस?" तो रश्मीवर खेकसला. "दुसऱ्या अंगानं बस अन् धार काढ. मी हात ठिवतो."

ती भीत भीत बसली. चंद्रीनं लाथ झाडली नाही. चरवीत धार वाजली.

"सहादेवला फोन लाव," सूर्यभान म्हणाला. "वरीसभर तरी येऊ नको म्हन."