गोदावरीने पाहिलेला समुद्र

आमच्या घरात मराठी दोन कामांना येते. मुलांवर ओरडायला, आणि समोर बसलेल्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच बोलायला. रायपूरचे बहुतेक मराठी लोक हे करतात. दुकानदाराला कितीपर्यंत खाली आणायचं, पाहुण्याला जेवायला थांबवायचं की चहावर कटवायचं, हे आम्ही त्यांच्या तोंडावर हसत हसत ठरवतो. शिशिरच्या घरचे लोक रायपूरच्या तात्यापाऱ्यात सात पिढ्या राहिले आणि सात पिढ्यांत कोणी पकडलं गेलं नाही, असं तो मोठ्या कौतुकाने सांगतो. मी त्याची बायको, संपदा. माझं माहेरही रायपूरचंच, तेव्हा हा चावटपणा मी लग्नाआधीच शिकून आले होते.

आम्हाला दोन मुलं. गंधाली पाच वर्षांची आणि यशू दीड वर्षाचा. आम्ही दोघंही नव्या रायपुरात नोकरीला, म्हणून मुलांना सांभाळायला गोदावरी. ती मूळची अभनपूरकडची, नवरा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात. गंधाली वर्षाची असल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ती सकाळी आठला येते आणि सातला जाते. तिची लता सहा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी असली की तीही आईबरोबर येते आणि गंधालीशी खेळते.

नाताळच्या सुट्टीत पुरीला जायचं ठरलं. गोदावरीला बरोबर न्यायचं, हे मीच ठरवलं. दोन लहान मुलांना घेऊन सुट्टीवर जाणं म्हणजे घरचंच काम दुसऱ्या गावात जाऊन करणं असतं, आणि मला खरोखर सुट्टी हवी होती. तिला मात्र मी वेगळंच सांगितलं. म्हटलं, चलो गोदावरी, तुमको समुंदर दिखाते हैं.

ती इतकी खूश झाली की हातातला डबा खाली ठेवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी, यशूला भात भरवता भरवता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "दीदी, लता को भी ले लें क्या? मेरे पास ही सो जाएगी."

शिशिर तेव्हा टेबलावर मोबाईल घेऊन तिकिटंच काढत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "एक बर्थ रिकामी आहे," तो म्हणाला. "काढू का?"

"नको," मी म्हणाले. "तिची पोट्टी आली त तिचं सारं लक्ष तिकडंच राहीन. यशूले कोण पाहीन मंग? आपण तिले काहून नेऊन राहिलो?"

"बोलून त बरोबर राहिली तू. पण सांगशील काय तिले?"

"सांगते ना, तिकीट नाही भेटलं म्हणून."

आणि मी वळून, त्याच दमात, तोंडभर हसून हिंदीत सांगितलं, "गोदावरी, लता का टिकट नहीं हो रहा. वेटिंग दिखा रहा है. अगली बार पक्का."

"हव दीदी," ती म्हणाली आणि यशूच्या तोंडात पुढचा घास घातला. लताला अभनपूरला आजीकडे सोडून, नव्या साडीची घडी पिशवीत घालून, ती ठरल्या वेळी स्टेशनवर हजर झाली.

पुरीतलं आमचं हॉटेल समुद्रापासून दोन गल्ल्या मागे होतं. पोचलो त्या सकाळी यशू प्रवासाने दमून झोपला होता, म्हणून गोदावरी त्याच्याजवळ थांबली आणि आम्ही तिघं समुद्रावर गेलो. संध्याकाळी देवळात गेलो. तिथल्या गर्दीत लेकराला कुठे घेऊन जायचं, म्हणून पुन्हा तीच थांबली. दुसऱ्या दिवशी फोटोसाठी आम्ही यशूला पाण्यापर्यंत नेलं. लाट बघून त्याने असा टाहो फोडला की शिशिर त्याला उचलून धावत हॉटेलवर गेला आणि गोदावरीच्या कडेवर देऊन परत आला. तिसऱ्या दिवशी कोणार्कला गाडी केली. यशूला दाताचा ताप होता. तो आणि ती खोलीत राहिले, आम्ही सूर्यमंदिर बघितलं आणि येताना मासे खाल्ले. दर वेळी मी तिला "कल पक्का" म्हणत होते, आणि म्हणताना मला ते खरंच वाटत होतं. यात माझी काही चूक आहे असं त्या वेळी मला वाटलं असतं तर निदान आज सांगायला बरं वाटलं असतं.

गंधाली मात्र रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून समुद्राचा सगळा वृत्तांत देत असे. पाणी परत जातं तेव्हा पायाखालची रेती पळते. पाणी इतकं खारट असतं की थुंकी थांबत नाही. लाट लांबून बुटकी दिसते आणि जवळ आल्यावर उभी राहते. गोदावरी एकेक गोष्ट दोन दोनदा विचारत होती. मला वाटायचं, मुलीला किती छान बोलतं करते ही.

शेवटच्या दिवसासाठी मी आदल्या रात्री म्हटलं होतं, सकाळी सहाला तू समुद्रावर जा, मी यशूला बघते. साडेपाचचा गजर मीच लावला आणि मीच बंद केला. साडेसातला दार उघडलं तर ती नवी साडी नेसून, वेणी घालून बाहेरच्या बाकावर बसली होती. मी म्हटलं, आता नाश्ता करून घेऊ, मग सगळेच जाऊ. नाश्ता झाला, सामान बांधायचं राहिलं होतं. अकरा वाजता खोली सोडली. गाडी संध्याकाळची होती, खरेदी बाकी होती, आणि खालच्या हॉलमध्ये सामानाजवळ कोणीतरी बसायला हवं होतं. ती बसली, नव्या साडीतच. संध्याकाळी स्टेशनची रिक्षा समुद्राच्या उलट्या दिशेने गेली.

गाडी सुटल्यावर शिशिरला आठवलं. गोदावरी समोरच्या बर्थवर यशूला थोपटत होती.

"हिने समुद्र पाहिला ना?" त्याने मला विचारलं.

"तू नव्हता नेलं दुपारी? मी त खरेदीत होती."

"मी काहून नेईन? मले वाटलं तू पाठवलं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसलो. मला ते हसणं अजून ऐकू येतं. "जाऊ दे," शिशिर म्हणाला, "तिले काय, फिरणं झालं, खाणं झालं." मग मी पुढे वाकून तिला विचारलं, "मजा आया ना, गोदावरी?"

"हव दीदी," ती म्हणाली.

सोमवारी आम्हा दोघांची ऑफिसं सुरू व्हायची होती, पण मी एक दिवस रजा वाढवून घेतली होती, कपड्यांचे ढीग पडले होते म्हणून. शाळा अजून बंद होत्या, त्यामुळे गोदावरी लताला घेऊन आली. लता सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. एरवी ती माझ्याशी दोन शब्दही बोलत नाही.

"आंटी, मम्मी समुंदर में डरी थी क्या?"

मी हातातला टॉवेल तसाच धरून राहिले. गोदावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने खूणही केली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली.

"मम्मी बोलती है बिलकुल नहीं डरी," लता सांगत होती. "मम्मी के पैर के नीचे से रेती भाग गई थी. और पानी इतना खारा था कि थूकते रह गई. और लहर पहले छोटी दिखती है, फिर खड़ी हो जाती है. सच में?"

शब्दन् शब्द गंधालीचा होता. गंधाली तिथेच जमिनीवर शिंपले मांडून बसली होती, आणि तिने मान वर करून तोंड उघडलं. माझी मुलगी खोटं बोलत नाही, मीच तिला तसं वाढवलंय, आणि आता ती खरं बोलणार आणि लतासमोर तिच्या आईला खोटं पाडणार, हे मला दिसत होतं. मी डोळे मोठे करून तिला गप्प करणार, तेवढ्यात तिने गोदावरीकडे बघितलं. मग लताला म्हणाली, "तेरी मम्मी ने मेरा हाथ पकड़ के रखा था. नहीं तो मैं बह जाती."

लताने माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी होती.

"हां बेटा," मी म्हणाले. "मम्मी बिलकुल नहीं डरी."

पंधरा दिवसांपूर्वी मी याच पोरीला पुरीपासून लांब ठेवण्यासाठी खोटं बोलले होते, तेव्हा जीभ जराही अडखळली नव्हती. आज एवढंसं वाक्य बोलतानाही ती अडखळली. गंधालीने खोटं बोलावं म्हणून कोणी तिला शिकवलं नव्हतं. तिला गोदावरीची दया आली होती. पाच वर्षांच्या मुलीला जे कळलं ते मला चार दिवस पुरीत राहून कळलं नाही, आणि मी तिची आई होते. लता मात्र खूश होऊन शिंपल्यांजवळ जाऊन बसली आणि त्यातला सगळ्यात मोठा शिंपला कानाला लावून बघू लागली.

मी स्वयंपाकघरात गेले. गोदावरी कणीक मळत होती. मला माफी मागायची होती, पण मोलकरणीची माफी कशी मागायची, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून मला जे येतं ते मी केलं. काहीतरी द्यायला निघाले.

"गोदावरी, होली की छुट्टी में तुम और लता पुरी जाओ," मी म्हणाले. "सिर्फ तुम दोनों. टिकट मैं निकालती हूं, होटल भी मैं देखती हूं. यशू को मैं संभाल लूंगी."

तिचे हात थांबले नाहीत. परातीकडेच बघत ती म्हणाली, "आता कशी जाऊ, दीदी? लतेले त मी सांगून बसली, पाहिला म्हणून. तिच्यासमोर पहिल्यांदा पाहीन त माह्या तोंडावर दिसूनच जाईन ना."

मी उभीच राहिले. तिने पाणी घालून कणीक सारखी केली. राग नव्हता तिच्या आवाजात, असता तर बरं झालं असतं. बोलणं आमच्याच घरचं होतं, तोच हेल, तेच 'माह्या'.

"तुम्हाला मराठी येते?" मी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला अहोजाहो केलं, आणि तेही भीतीपोटी.

"चार साल हो गए, दीदी," ती पुन्हा हिंदीवर येत म्हणाली. "गंधाली को बोलना कौन सिखाया?" आणि तिने कणकेचा गोळा झाकून ठेवला.

मला आणखी एक गोष्ट विचारायची होती. तिकिटाच्या त्या दिवशी आम्ही जे बोललो ते तिला कळलं होतं का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्यापासून दोन हातांवर बसून ती यशूला भात भरवत होती.