नखाएवढी जागा

बहात्तरच्या दुष्काळात अकोल्याच्या डोंगरातलं ते छोटं धरण गळू लागलं आणि गोरक्षच्या जिवाला घोर लागला. खालच्या गावांना पिण्याचं पाणी काय ते एवढंच. गळतीचं तोंड शोधायला मुंबईहून शास्त्रज्ञ प्रेमलाबाई आल्या. किरणोत्सारी वाळूची चिमूटभर पूड पाण्यात सोडायची. ओढीनं ती गळतीच्या तोंडाशी जाते आणि यंत्राची टिकटिक तिचा माग काढते. पाण्यात पांगली की पिणाऱ्याला त्या पुडीचा अपाय नाही, काही आठवड्यांत तिचे किरण आपोआप निवतातही; धोका हाताळणाऱ्याच्या कातडीला. होडी गोरक्षची होती. गळती सापडेल तेव्हा वल्ह्यावर आपणच असणार, हे त्यानं मनाशी धरलंच होतं.

दुसऱ्याच दिवशी यंत्र त्याच्या मनगटापाशी टिकटिकलं. डोळ्याला दिसेना असा एक कण. बाईंनी तो चिकटपट्टीनं उचलून काढला आणि म्हणाल्या, "गोरक्षभाऊ, आता तुम्ही होडीत यायचं नाही."

"आवो, पर कुटं काय दुखतंय?"

इंजिनिअर शामकांत साहेबांनाही घाई होती. "बाई, पुस्तकातली किरणांची मर्यादा सबंध हातावर वाटून मोजतात. त्यात हे सहज बसतं."

"कण सबंध हातावर नव्हता, साहेब. नखाएवढ्या जागेवर होता." बाईंनी पाय पुढे केला. घोट्यावर जुना, काळपट व्रण होता. "लहानपणी काटा मोडला म्हणून आईनं बिब्ब्याचा ठिपका दिला. त्या दिवशी काही नाही, मग असा उतला की मांस दिसलं. हा व्रण सबंध पायावर वाटून दाखवा बरं! इथं मर्यादा नखाएवढ्या जागेचीच मोजायची. ती ओलांडली की तो माणूस या कामातून बाहेर. मग कोणीही असो."

बिब्ब्याचं गोरक्षला पटलं, पण राग काही उतरेना. पाहुणी यायची आणि आपल्याच होडीतून आपल्याला उतरवायची! वल्ह्यावर त्याचा भाऊ सूर्यभान बसला आणि हा काठावर धुसफुसत राहिला.

पुढं दोन दिवसांनी भिंतीच्या टोकाशी टिकटिक एकदम वाढली. पाण्यात सोडलेल्या यंत्राचा दोर कमी पडला म्हणून होडी काठाला आली. पुन्हा चढण्याआधी बाईंनी सगळ्यांचे हात तपासले, शेवटी स्वतःचे. त्यांच्या बोटाच्या पेरावर यंत्र कडकडलं. सकाळी पूड ओतल्यापासूनचा कण. त्यांनी घड्याळ पाहून हिशेब केला; मर्यादा ओलांडली होती. त्यांचा चेहरा पडला.

साहेब हळूच म्हणाले, "घटकाभराचं काम राहिलंय, बाई. नियम तुमचाच. कोण विचारणार?"

"गोरक्षभाऊंना मीच उतरवलंय, साहेब."

त्यांनी कण काढला, हात धुतले, यंत्र साहेबांकडे दिलं आणि गोरक्षशेजारच्या दगडावर येऊन बसल्या. नजर होडीवरून हटत नव्हती. असं माणूस गोरक्षनं आजवर पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं पाण्यावरून सूर्यभानची आरोळी आली, "घावलं! घावलं!" काठावरचे सगळे भिंतीकडे पळाले. गोरक्ष तेवढा जागचा हलला नाही.

"बाई, परवा तुमचा लई राग आल्ता."

"आणि आता?"

"आता ती पूड निवू द्या. मग पयलं तुमास्नीच होडीतनं नेतो. गळतीचं त्वांड दोगं मिळून बगू."