डबी गळ्यात असताना

औषधाच्या दुकानातल्या त्या माणसाला अख्खी गल्ली 'अर्धे फादर' म्हणायची. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात गुदगुल्याही व्हायच्या. बरं, माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला नावं ठेवा. सकाळी शटर वर करण्याआधी क्रूसाची खूण करायचा. मुदत संपलेल्या औषधाची एक गोळीसुद्धा कुणाच्या गळ्यात मारली नाही. म्हाताऱ्यांना पाकिटावर सूर्य नि चंद्र काढून द्यायचा, म्हणजे सकाळची कुठली नि रात्रीची कुठली यात घोळ नको. प्रपंचात राहून देवाचं होता येतं, त्याला झगा घालावा लागत नाही, असं तो म्हणायचा आणि तसं वागायलाही बघायचा. फक्त आपण तसं वागतोय हे लोकांना दिसतंय ना, एवढं मात्र तो जरा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घ्यायचा.

रविवारी तर त्याचा रुबाब विचारू नका. चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की फादर त्याच्या हातात एक छोटी गोल डबी द्यायचे. आत पवित्र भाकर. चर्चपर्यंत येऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांना ती घरी नेऊन द्यायची. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्यासाठी ती भाकर म्हणजे साक्षात प्रभू. तेव्हा काम काही साधंसुधं नाही. डबी एका पांढऱ्या पिशवीत, पिशवी गळ्यात, एक हात त्यावर. फादरांनी सांगितलं होतं ते एवढंच की, "सरळ आजाऱ्याकडे जा, वाटेत गप्पा मारत रेंगाळू नका." बाकीचं सगळं त्याच्या पदरचं. तो वाटेत एक अवाक्षर काढायचा नाही. कुणी हाक मारली की एक हात छातीवर, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर, आणि मान किंचित खाली. लोक बाजूला व्हायचे. त्याची बायको म्हणायची, "डबी गळ्यात पडली की आमच्या ह्यांची जीभ देव काढून घेतो. आठवड्यातून तेवढाच मला आराम."

शेवटचं घर बाईंचं. बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या बाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. राहायच्या तिसऱ्या मजल्यावर. आणि त्याच जिन्याला, दुसऱ्या मजल्यावर, राहायचा त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

इथे जरा मागचं सांगायला हवं. धाकट्याची पहिली बायको त्याला सोडून गेली. चर्चमध्ये लागलेलं लग्न, ते काही मोडत नाही. धाकट्याने बरीच वर्षं एकट्याने काढली आणि मग एका चांगल्या बाईशी सरकारी कचेरीत जाऊन सह्या करून लग्न केलं. झालं! चर्चच्या नियमाने त्याला कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकर घेणं, बंद. काही दिवस तो मागच्या बाकावर बसायचा. सगळे उठून पुढे जायचे, हा एकटा बसलेला. मग यायचाच थांबला. थोरल्याने त्याला दुकानाच्या पायरीवरच ऐकवलं होतं, "आधी घर देवाच्या दारात नीट कर, मग माझ्या दारात ये." फादरसुद्धा असं बोलले नव्हते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, जाणंयेणं बंद. धाकट्याच्या बायकोला काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा औषधवाल्याने कधी ठरवलं नव्हतं, कारण मारायची वेळच आणली नव्हती.

दर रविवारी तो दुसऱ्या मजल्यावर आला की ते दार अर्धवट उघडं असायचं. मुद्दाम ठेवतात, त्याला वाटायचं. आपल्याला डिवचायला. तो नाकासमोर बघत वर चढायचा.

त्या रविवारी दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यात धाकट्याची बायको उभी होती. केस विसकटलेले, ओढणी कमरेला खोचलेली.

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा आत येता? एक हात लावा फक्त. मला एकटीला जमत नाहीये."

तिचा आवाज काही भांडणाचा नव्हता. हे त्याला कळलं बरं का. नंतर त्याने स्वतःला कितीही समजावलं तरी हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण हात आपोआप छातीवर गेला, बोट ओठांवर गेलं, मान खाली झाली, आणि तो वरच्या पायरीवर चढला. वर आणि, देवा रे, त्याला बरं वाटलं! इतक्या वर्षांत तोंड न उघडता असं चोख उत्तर देता आलं म्हणून बरं वाटलं.

"भाऊजी, अहो..." ती मागून म्हणाली.

तो जिन्याच्या वळणावर असताना खाली काहीतरी धपकन पडलं. भांडंबिंडं असेल, त्याने मनाला सांगितलं आणि कानामागे टाकलं.

बाईंच्या उशाशी त्याने नेहमीप्रमाणे पांढरा रुमाल पसरला, मेणबत्ती लावली, डबी ठेवली. बाईंचं शरीर अंथरुणाला खिळलं असेल, कान मात्र तिखट.

"खाली काय पडलं रे?"

"भांडं असेल, बाई."

"भांडं वाजतं. हे वाजलं नाही." बाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. गणित चुकल्यावर बघायच्या तसंच. "आणि तुला कुणीतरी हाक मारत होतं. भाऊजी म्हणून. या जिन्यात तू दुसऱ्या कुणाचा भाऊजी आहेस?"

"बाई, डबी गळ्यात असताना मी बोलत नाही. आधी तुम्हाला देतो, मग उतरताना..."

"मी घेणार नाही."

"बाई!"

"माणूस पडलंय खाली. ते तसंच टाकून तू इथे येऊन मला काय भरवणार? मेणबत्ती विझव आणि जा. आणि प्रभूला इथे ठेवून जाऊ नकोस, बरोबर घेऊन जा."

त्याच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत त्याला कुणी असं परत पाठवलं नव्हतं. त्याने डबी पुन्हा गळ्यात घातली आणि जिना उतरला. 

दुसऱ्या मजल्यावर, दाराच्या हातभर आत, धाकटा जमिनीवर पडला होता. कुशीवर. इतका वाळलेला की औषधवाल्याला क्षणभर ओळखच पटेना. पाय नुसते काठीसारखे. त्याची बायको त्याच्या काखेत हात घालून ओढत होती आणि तो तिच्या हातातून निसटत होता. शेजारी एक खुर्ची आडवी झाली होती.

"काय झालं?" औषधवाला म्हणाला. डबी गळ्यात असताना त्याचा तो पहिला शब्द.

 त्याने वाकून भावाला कवेत घेतलं. दोघांनी मिळून त्याला उचललं. औषधवाला खुर्ची सरळ करून त्याला बसवायला गेला, तेव्हा धाकट्याने मान हलवली.

"बसवू नकोस, दादा. उभंच राहू दे जरा."

आणि भावाच्या आणि बायकोच्या मध्ये, दोघांच्या खांद्यांवर लटकून, तो उभा राहिला. त्याने मान खाली घातली. औषधवाल्याच्या गळ्यातल्या पिशवीसमोर. ओठ हलत होते. त्याने काही मागितलं नाही. हात पुढे केला नाही, तोंड उघडलं नाही. आपल्याला काय मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कधीपासून?" औषधवाल्याने त्याच्या बायकोला विचारलं.

"काय कधीपासून? आजारी, की हे?" तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. "तुम्ही पहिल्या रविवारी बाईंकडे आलात ना, तेव्हापासून. खालच्या पायरीवर तुमचा पाय वाजला की ह्यांना कळतं. प्रभू दारावरून चाललाय म्हणायचे आणि दाराआड गुडघे टेकायचे. मग पायातलं बळ जायला लागलं. गुडघे टेकले तर उठता येईना, म्हणून उभे राहायला लागले. आता तेही होत नाही. गेल्या रविवारी मी कसंबसं उभं केलं. आज जमेना. म्हणून तुम्हाला म्हटलं, एक हात लावा. तुम्ही गेलात तर म्हणाले, मी माझा उठतो. खुर्ची धरून उठले आणि..."



औषधवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीतल्या प्रत्येकाची शुगर त्याला पाठ, प्रत्येकाचं प्रेशर पाठ, आणि सख्ख्या भावाचे पाय गेलेले माहीत नाहीत! औषधं कुठून आणत होते हे लोक? त्याच्या दुकानासमोरून पुढे जाऊन, दुसऱ्या बाजारातून, अजून कुठून? आणि हे दार. डिवचायला म्हणे! अरे, गाढवा! प्रभूला गळ्यात अडकवून तू दर रविवारी इथून गेलास, आणि प्रभूची वाट बघणाऱ्याकडे मान वळवून बघितलं नाहीस. आज तर बोट ओठांवर ठेवून गेलास. तिला गप्प केलंस. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं, पण धरणी असल्या वेळी कुणाला पोटात घेत नाही.

"दादा, बाई थांबल्या असतील," धाकटा म्हणाला. "आता बसव. तू जा वर."

"मी येतो लगेच."

"बघ, जमलं तर."

ते 'जमलं तर' त्याने काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

तो पुन्हा वर बाईंकडे गेला. त्याने मेणबत्ती पुन्हा लावली. कम्युनियनच्या आधी आपण लायक नाही असं प्रभूला सांगायची एक छोटी प्रार्थना असते. ती तो झोपेतसुद्धा म्हणायचा, पाढ्यासारखी. आज पहिल्याच शब्दाला तो अडला. दुसऱ्यांदा सुरुवात केली, पुन्हा तेच. शेवटी बाईंनीच ती म्हटली, हळू आवाजात, दोघांसाठी, आणि तोंड उघडलं.

तो खाली आला तेव्हा धाकटा खुर्चीत होता आणि त्याची बायको हातात कोरडा पायजमा घेऊन उभी होती. पडताना त्याचा पायजमा ओला झाला होता. खुर्चीखाली लघवीचं छोटं थारोळं होतं. औषधवाल्याला बघून तिने पटकन पायजमा मागे लपवला.

"भाऊजी, तुम्ही जरा बाहेर थांबा. मी ह्यांना बदलते, मग बसा आत."

"दे इकडे," तो म्हणाला. आणि मग, कारण नुसतं तेवढं पुरेसं नव्हतं, "दे, बाळ. मी करतो. तू दमलीस."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पायजमा दिला आणि फडकं आणायला आत गेली.

औषधवाला गुडघ्यांवर बसला. त्याने भावाचा ओला पायजमा उतरवला, टॉवेलने मांड्या पुसल्या, पोटऱ्या पुसल्या. चर्चमध्ये तो रोज गुडघे टेकायचा, पण तिथे खाली मऊ पट्टी होती. इथली फरशी ओली होती आणि गार होती. त्याने एक पाऊल उचलून पायजम्याच्या पायात घातलं. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"लाज वाटते रे, दादा," तो हातांआडून म्हणाला.

"मलाही," औषधवाला म्हणाला आणि त्याने दुसरं पाऊल उचललं.