चार बोटं बांध

अग्निशमन दलाचा साहेब येऊन शेजारच्या सोसायटीची आतली वाट मोजून गेला आणि त्या दिवसापासून तात्यांचा पाय घरात ठरेना. खुर्चीत बसले की उठायचे, उठले की बाल्कनीत जायचे आणि खालच्या कुंपणभिंतीकडे बघून परत यायचे. साहेबाचं म्हणणं साधं होतं. बंब आत वळायला अडीच फूट कमी पडतात, तेव्हा दोन सोसायट्यांमधली भिंत इकडे सरकवा, नाहीतर उद्या आग लागली तर बंब फाटकाबाहेर उभा राहून तमाशा बघेल.

अडीच फूट हा आकडा ऐकून दोन्हीकडचे लोक भांडायला लागले. तात्या भांडले नाहीत. अकरा वर्षं, दर वर्षाला चार बोटं. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, तो इतका चोख जुळला की त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आता इथे दोन्ही बाजूंना सात-सात मजले आहेत, तळघरात गाड्या आहेत आणि इमारतींना शेतीवाडीची नावं आहेत. ती का दिली हे राहणाऱ्यांना विचारलं तर ते खांदे उडवतात. पण तीस वर्षांपूर्वी भिंतीच्या जागी बांध होता. अलीकडे तात्यांचं शेत, पलीकडे त्यांच्या थोरल्या भावाचं. दादा ट्रकवर ड्रायव्हर, महिनोन्महिने बाहेर. शेत वहिनी बघायची. आणि तात्या नांगरट करताना बांधाकडच्या शेवटच्या तासाला, म्हणजे कडेच्या चरीला, नांगर जरा तिरका धरायचे. चार बोटं बांध कापला जायचा. कापलेली माती पलीकडच्या अंगाला टाकून थोपटली की बांध होता तेवढाच जाड दिसायचा, फक्त चार बोटं पुढे गेलेला. बांधाला पाय फुटतात ते असे. पुढे बिल्डर आला, होता त्या बांधावर दोरी धरली, दोघा भावांना आपापल्या शेतावर फ्लॅट दिले आणि तात्यांची चोरी सिमेंटमध्ये पक्की करून निघून गेला.

शनिवारी सकाळी तात्या पार्किंगमध्ये भिंतीपासून खांबापर्यंत वीत टाकत वाकलेले होते. वॉचमनला वाटलं आजोबांचं काहीतरी हरवलं. त्याने तात्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा म्हणजे या सोसायटीचा सेक्रेटरी; नियमावली उशाशी घेऊन झोपणारा माणूस.

"बाबा, काय शोधताय?"

"काही नाही. भिंत सरकवून टाका."

"एक इंच नाही. उद्याच्या बैठकीत मी नकाशाच ठेवणार आहे समोर. हद्द म्हणजे हद्द."

"ती हद्द खोटी आहे," तात्या म्हणाले आणि तिथेच, दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहून, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मुलाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "कशाला गाडलेली मढी उकरताय? इथे शेत होतं हेसुद्धा कुणाला माहीत नाही. दादाकाका गेले. आता आठवणारं आहे कोण?"

"तुझी काकू आहे."

"काकूंचं कोण मनावर घेतं, बाबा? त्यांचं ते ओळींचं."

ओळींचा विनोद तात्यांचाच होता. एका वर्षी वहिनीने तुरीच्या ओळी मोजल्या होत्या. आधी चाळीस बसायच्या, त्या वर्षी एकोणचाळीस बसल्या. बाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. दादा ट्रक घेऊन आला तेव्हा तिने सांगितलं, भावोजी बांध कोरतात. दादाने तिचं ऐकून घेतलं नाही. माझ्या भावावर आळ घेतेस, म्हणाला, आणि पुढचे सहा महिने तिच्याशी एक शब्द बोलला नाही. हळूहळू तो घरातला गमतीचा विषय झाला. चमचा सापडेना, किल्ली सापडेना, की तात्या हसून विचारायचे, "काय वहिनी, ओळ कमी झाली का?" सगळे हसायचे. पोरंही शिकली. वहिनी संशयी, हे मग जगजाहीर झालं.

मुलगा लिफ्टकडे गेला, तात्या फाटकाकडे. चप्पल घरातलीच होती. भिंतीला वळसा घालून शेजारच्या फाटकातून आत शिरायला तीन मिनिटं लागतात, त्यांना तीस वर्षं लागली होती.

पहिल्या मजल्यावर वहिनीच्या मुलीने दार उघडलं. ती बँकेत असते. शनिवारी घरी असते आणि घाईत असते. "काका, तुम्ही? आई आत आहे," म्हणून ती कपड्यांना इस्त्री करायला परत गेली. वहिनी खिडकीशी खुर्चीत बसली होती. तिने समोरची खुर्ची दाखवली. तात्या बसले नाहीत.

"वहिनी, तो बांध मी कोरत होतो. अकरा वर्षं. तुमच्या ओळी बरोबर होत्या."

वहिनीने मान हलवली, कुणी किती वाजले ते सांगितल्यासारखी.

"उद्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो," तात्या घाईघाईने म्हणाले. "भिंत सरकेल. तुमची जागा तुम्हाला मिळेल. मुलगा चिडेल, चिडू दे."

"भिंतीचं काय ते तुम्ही बघा," वहिनी म्हणाली. "मला जागा घेऊन काय करायचंय? तूर लावू का आता?"

तात्या उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. मनावरचं ओझं उतरेल अशा हिशेबाने ते आले होते, आणि इथे ते घ्यायला कुणी हात पुढे करत नव्हतं.

"हे तुमच्या भावाला सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाली. "शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. मला म्हणाले, सगळं चांगलं केलंस, फक्त माझ्या भावावर आळ घेतलास तेवढं एक वाईट केलंस. मी म्हटलं, चुकलं माझं. मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा."

तात्यांनी खुर्चीची पाठ धरली. रडू येत होतं, पण या घरात रडायचा हक्क आपला नाही एवढं त्यांना कळत होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"थांबा." वहिनीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अगं, जरा इकडे ये."

"आई, इस्त्री तापलीय."

"बंद कर आणि ये."

मुलगी दारात आली. आईचा चेहरा बघून तिने सवयीने काकांकडे पाहिलं आणि हसली. "काय झालं? परत ओळी का?"

वहिनी तात्यांकडे वळली.

"भावोजी, मघाशी मला सांगितलंत ना, ते हिला सांगा. पहिल्यापासून सांगा."