तळ्यावरची साय

वाईच्या फोटोग्राफर नाथाजींना एकच नाद होता, पण तो पक्का होता. दर हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली की पहाटे घाट चढून महाबळेश्वरच्या तळ्यावर जायचं आणि काठच्या गवतावर नि उथळ पाण्यावर धरलेल्या बर्फाच्या सायीचा फोटो काढायचा. लग्नाच्या गिऱ्हाइकाला ते ताटकळत ठेवतील, पण बर्फाला नाही. स्टुडिओच्या भिंतीवर सालागणिक एक फोटो लागलेला. अलीकडं मात्र ही साय इतकी पातळ होत चालली होती, की तिच्यापेक्षा चहावरची बरी.

यंदा नाथाजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि कॅमेरा त्यांच्या सुनेच्या, राजेश्वरीच्या गळ्यात आला. यंदाचा फोटो चुकवू नको, एवढंच ते म्हणाले. तिनं शब्द दिला आणि फसली, कारण थंडी पडेचना. संक्रांत होऊन गेली. रोज पहाटे ती स्कूटीवरून घाट चढायची आणि हात हलवत परत यायची. स्वेटर निव्वळ ओझ्याला. सासू शालूबाई म्हणाली, अगं, जुनाच एखादा छापून दे, म्हाताऱ्याला काय कळतंय. राजेश्वरीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. ती हट्टाला पेटली की तिच्यापुढं घाटसुद्धा सपाट.

एका पहाटे तिचा नवरा जयराज तिच्याआधीच घराबाहेर पडला होता. ती तळ्यावर पोचली, तर काठच्या गवतावर पांढरंशुभ्र! तिच्या जिवात जीव आला. धडाधड फोटो काढले, जवळून बघायला गुडघ्यावर बसली, आणि नाकात बांगड्याचा वास शिरला.

झाडामागून जयराज मान खाली घालून आला. साताऱ्याच्या मासळीवाल्याकडून त्यानं बर्फाची गोणी आणली होती आणि कुटून गवतावर पसरली होती. बापाच्या तोंडावर हसू बघायचं होतं बिचाऱ्याला.

“वास फोटूत येत न्हाई, राजेश्वरी,” तो म्हणाला.

तिला हसू आलं आणि मग रडू आलं. खरंच, कुणालाही कळलं नसतं. पण भिंतीवरच्या सगळ्या खऱ्या फोटोंनाही मग तोच वास लागला असता. तिनं फोटो पुसून टाकले, पायानं बर्फ बाजूला सारला आणि नुसत्या पाण्याचा फोटो काढला. जयराजनं रिकामी गोणी गुंडाळली आणि तिच्यामागून घाट उतरला.

नाथाजींनी फोटो हातात घेतला. चष्मा पुसून पुसून ते बर्फ शोधत राहिले.

“यंदा साय धरलीच न्हाई, मामंजी. मी रोज गेले.”

म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला, जेवलासुद्धा नाही. आपण खरं बोललो आणि माणूस मोडला, असं राजेश्वरीला वाटलं. तिला फार वाईट वाटलं. तरीही हिवाळा अजून सरला नव्हता, म्हणून दुसऱ्या पहाटे तिनं स्कूटी बाहेर काढली. तो आवाज ऐकून नाथाजींनी आतून हाक मारली. कालचा फोटो फ्रेम करून रांगेत लावा म्हणाले. नुसत्या पाण्याचा फोटो बघून लोक हसतील, असं जयराजनं सांगून बघितलं.

“हसू देत. जागा मोकळी ऱ्हायली तर लोक म्हनतील, नाथाजी पडला आन फोटू बी बंद झालं. आमी गेलो हुतो. बर्फच आला न्हाई. हे दिसाय पायजे.”

खिळा जयराजनंच ठोकला. राजेश्वरी तोवर घाटाला लागली होती.