तळं इथवर आलं होतं

उत्तर डकोटातलं ते तळं वर्षानुवर्षं नुसतं फुगत चाललं होतं. रस्ते गिळले, शेतं गिळली, आणि आता चर्चमागच्या दफनभूमीच्या कुंपणाला टेकलं. तेव्हा हालव्होर ब्रेके म्हणाला, माझ्या गव्हाच्या शेतातली टेकडी घ्या. चर्च अख्खं उचलून चाकांवर तिकडं न्यायचं ठरलं, थडगीसुद्धा. त्यात त्याच्या बायकोचं, इंगाचंही होतं. तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतःसाठी धरली. गावानं दिलेला मान म्हातारा मिटक्या मारत चाखत होता, आणि का चाखू नये?

त्याची मुलगी सिग्ने विद्यापीठात गाळ तपासायची. तळ्याच्या गाळात मोहरीहून बारीक शिंपले असतात, दोन कवचांत मिटलेल्या जिवांचे. कुठली जात खाऱ्या पाण्यातली, कुठली गोड्या, कुठली डबक्यातली, हे तिला तोंडपाठ. त्यावरून जुनं पाणी कुठवर होतं ते ती सांगायची. हालव्होर चारचौघांत म्हणायचा, एवढं शिकवलं आणि कार्टी चिखलात डोळे फोडते. म्हणताना छाती मात्र फुगलेली असायची.

टेकडीवर पाया खणायला घेतला. सुट्टीवर आलेल्या सिग्नेनं तिथली ओंजळभर माती घरी आणली, चाळणीत धुतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिच्या मनात शंका उरली नाही. तशीच उठून ती बापापुढं बसली आणि सगळं सांगितलं.

हालव्होरनं कॉफीचा कप खाली ठेवला. तिथल्या खळग्यात वसंतात डबकं साचतं, बेडूक ओरडतात, तुझे शिंपले त्यातलेच, म्हणाला.

"डबकं उन्हाळ्यात आटतं, बाबा. ही जात आटत्या पाण्यात जगत नाही. तिला बारमाही खोल पाणी लागतं."

"मग हिमयुगातले असतील."

"हिमयुगाची माती पार खाली आहे. हे गवताच्या मुळांखाली वीतभर सापडलं. तळं इथवर आलं होतं. पुन्हा येईल."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं, मग तापलं. पाणी पोचणार नाही अशी टेकडीहून उंच जमीन होती फक्त एर्लिंग सोल्बर्गची, आणि त्याच्याशी बांधावरून हालव्होरचा उभा दावा.

"मी मेल्यावर सांग लोकांना," तो म्हणाला.

"उद्या सभेत सांगणार," सिग्ने म्हणाली. खाण तशी माती, दुसरं काय!

चर्चच्या तळघरात सभा भरली. सिग्नेनं आडपडदा न ठेवता सगळं मांडलं. ऐकताना लोक तिच्याकडं पाहतच नव्हते, हालव्होरकडं पाहत होते. त्याची जमीन नाकारायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी पाद्र्यानं त्यालाच विचारलं.

हालव्होर उठला. त्यानं टोपी काढून हातात घेतली. पोरीचं त्याला पटलं होतं, रात्रीच पटलं होतं, आणि त्याचाच त्याला राग होता. मग तो मागच्या बाकावर बसलेल्या माणसाकडं वळला. इतक्या वर्षांत त्या माणसाचं नाव त्यानं तोंडावाटे काढलं नव्हतं.

"एर्लिंग," तो म्हणाला, "इंगाला पोहता येत नव्हतं. तुझ्या जमिनीत तिला जागा दे."